सकाळी कॉम्प्युटर हळू का उघडतो? आणि आपला ४२ हजारांचा ठराव



जूनच्या मासिक बैठकीला ज्या ताई हजर होत्या त्यांना तो दिवस आठवत असेल. सकाळचे अकरा वाजलेले, सतरंजीवर तीस-पस्तीस जणी बसलेल्या, परतफेडीचा गोषवारा एकच्या आत बँकेत द्यायचा, आणि आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक्सेल काही केल्या उघडेना. ऑपरेटर ताईंनी एकदा क्लिक केलं, दोनदा केलं, मग घाबरून चार-पाच वेळा केलं. पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरतंय. मागून कोणीतरी बोललं, "हिला येत नाही वाटतं." दुसरी म्हणाली, "हिच्याच हातानं बिघडलं असंल." ऑपरेटर ताई काही बोलल्या नाहीत. खाली मान घालून माऊस हलवत राहिल्या.

त्या दिवशी मीही चुकले, ते इथं लिहून टाकते. मी सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले, "ताई, तुम्ही लवकर येऊन तयारी करून ठेवायला पाहिजे होती." त्या साडेनऊलाच आल्या होत्या. लाईट आली पावणेअकराला. हे मला नंतर कळलं.

त्याच बैठकीत पुढचा विषय होता नवीन कॉम्प्युटरचा. तालुक्यातल्या एका दुकानदाराने आपलं मशीन पाच मिनिटं बघून सांगितलं होतं की हे आता संपलं, नवीन घ्या. कोटेशन ४२ हजारांचं. सचिव ताईंनी ठराव लिहायला घेतला, सूचक झाल्या, अनुमोदक शोधत होतो. तेव्हा ऑपरेटर ताई हळूच म्हणाल्या, "ताई, एक विचारू का? सकाळी एक्सेल उघडायला लई वेळ लागतो हे खरंय. पण तेच बंद करून परत उघडलं तर झटक्यात उघडतं. मशीन संपलं असतं तर दोन्ही वेळा हळू नसतं का उघडलं?"

मला उत्तर देता आलं नाही. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत आम्हाला गटाची बांधणी, समुपदेशन, प्रकल्प अहवाल असं बरंच शिकवलं, पण कॉम्प्युटर सकाळी रुसून का बसतो हे कोणी शिकवलं नाही. अध्यक्ष ताईंनी ठराव पुढच्या बैठकीवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही शोधून काढा. ४२ हजार म्हणजे दोन गटांचं कर्ज होतंय." म्हणून हा लेख.

आधी आम्ही मोजलं. गटात आपण शिकलोय ना, तोंडी हिशेब धरायचा नाही. ऑपरेटर ताई आणि मी तीन दिवस सकाळी मोबाईलचं घड्याळ लावून बसलो. पहिल्या दिवशी कॉम्प्युटर चालू करून चित्रं दिसल्या दिसल्या एक्सेलवर क्लिक केलं. १ मिनिट ५० सेकंद लागले. एक्सेल बंद केलं, लगेच परत उघडलं. ८ सेकंद. दुसऱ्या दिवशी मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केलं, तर परत पहिलंच रडगाणं, पावणेदोन मिनिटं. तिसऱ्या दिवशी आम्ही वेगळं केलं. कॉम्प्युटर चालू केला आणि पाच मिनिटं त्याला हातच लावला नाही, झाडून घेतलं, पाणी भरलं. मग एक्सेल उघडलं. ३५ सेकंद. आणि बंद करून परत उघडलं तेव्हा तेच ८.

मशीन तेच, हात तेच, फाईल तीच. तरी एकदा ११० सेकंद, एकदा ३५, एकदा ८. का ते आता सांगते.

आपल्या घरात सामान दोन ठिकाणी असतं. रोजचं ओट्यावर आणि बाकीचं माळ्यावर. ओटा लहान, पण हात लांबवला की वस्तू मिळते. माळा मोठा, वर्षाचं सामान मावतं, पण शिडी लावा, वर चढा, डबे सरकवा, शोधा, खाली उतरा. कॉम्प्युटरमध्ये पण अशाच दोन जागा आहेत. माळा म्हणजे हार्डडिस्क. आपल्या सगळ्या फाईली, गटांचे हिशेब, फोटो आणि एक्सेल, वर्ड, टॅली हे प्रोग्राम सगळे तिथं कायमचे ठेवलेले असतात. ओटा म्हणजे रॅम. काम फक्त ओट्यावरच होतं. एक्सेल हार्डडिस्कवर असलं तरी तिथल्या तिथं चालत नाही, आधी त्याला रॅममध्ये आणावं लागतं.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. माळ्यावरून डबा खाली आणला की माळ्यावर जागा रिकामी होते. कॉम्प्युटरमध्ये तसं होत नाही. वरची वस्तू वरच राहते, खाली तिची नक्कल येते. म्हणून रॅममधलं गेलं तरी प्रोग्राम जात नाही, तो परत आणता येतो. एका ताईंनी मला विचारलं होतं की लाईट गेल्यावर एक्सेल पुसून जातं का. नाही जात. जातं ते फक्त आपण सेव्ह न केलेलं लिखाण, कारण ते अजून ओट्यावरच होतं, माळ्यावर पोचलंच नव्हतं.

आता माळ्यावरून आणायला इतका वेळ का, ते बघू. आपल्या ऑफिसातल्यासारख्या जुन्या मशीनमधली हार्डडिस्क म्हणजे खरोखरची फिरणारी तबकडी असते. सीपीयूला कान लावलात तर बारीक घुर्रर्र आणि मधूनच कटकट ऐकू येते. घुर्रर्र म्हणजे पंख्याचा आणि तबकडी फिरण्याचा आवाज. कटकट म्हणजे आतला एक बारीक दांडा इकडून तिकडे सरकतो त्याचा. त्या दांड्याच्या टोकाला वाचणारं डोकं असतं. जी माहिती हवी ती तबकडीवर जिथं असेल तिथं दांडा सरकतो आणि मग तबकडी फिरून तो भाग त्या डोक्याखाली यायची वाट बघतो.

घरच्या-ऑफिसच्या कॉम्प्युटरची तबकडी साधारणपणे मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारते. म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. हे ऐकून वाटतं की काय वेग आहे! पण हिशेब करू. एका फेरीला सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले ८ भाग लागतात. सरासरी अर्धी फेरी वाट बघावी लागते, म्हणजे ४ भाग. दांडा सरकायला साधारण ८-९ भाग. एकूण झाले १२-१३. म्हणजे एका सेकंदात तबकडीवरच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून फार तर ऐंशीएक तुकडे आणता येतात. बस.

आणि एक्सेल हा काही एक डबा नाही. पुरणपोळी करायची म्हटलं की डाळ, गूळ, कणीक, वेलची, जायफळ, पुरणयंत्र, तूप, सगळं लागतं आणि प्रत्येक वस्तू माळ्याच्या वेगळ्या कोपऱ्यात. तसं एक्सेल उघडायला त्याची मुख्य फाईल, तिच्या मदतीच्या शेकडो लहान फाईली, अक्षरांचे फॉन्ट, आपल्या आधीच्या सेटिंगा, असं खूप काही गोळा करावं लागतं. समजा असे दोन हजार तुकडे वेगवेगळ्या जागी पडलेत. प्रत्येकाला सेकंदाच्या हजारातले १२ भाग. दोन हजार गुणिले बारा, चोवीस हजार. म्हणजे २४ सेकंद नुसते शोधाशोधीत गेले. (दोन हजार हा आकडा मी हिशेबासाठी धरलाय, पण आपल्या ३५ सेकंदांच्या जवळपास तो येतो बघा.)

हेच तुकडे रॅममध्ये असतील तर? रॅममध्ये काहीच फिरत नाही, काहीच सरकत नाही. सगळं विजेवर. फिरत्या तबकडीवरून एक तुकडा आणायला जितका वेळ लागतो, त्याच्या लाखाव्या हिश्श्यात रॅममधून मिळतो. लाखावा हिस्सा म्हणजे किती, हे मला आधी डोळ्यासमोर येईना. मग असं मांडलं: ओट्यावरची वाटी घ्यायला एक सेकंद लागतो असं धरा, तर माळ्यावरची आणायला एक लाख सेकंद लागतील, म्हणजे सव्वा दिवसाच्या जवळपास. तेव्हा एक्सेल पहिल्यांदा उघडताना आतलं मशीन बहुतेक वेळ काम करतच नसतं. ते वाट बघत उभं असतं.

म्हणून दुसऱ्यांदा ८ सेकंदांत उघडतं. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली, कारण इथं कॉम्प्युटर शहाण्या बाईसारखा वागतो. आपण एक्सेल बंद केलं की पडद्यावरून ते जातं. आपल्याला वाटतं गेलं. पण माळ्यावरून आणलेलं सामान तो लगेच ओट्यावरून काढून टाकत नाही. ओट्यावर जागा रिकामी असेल तर तो म्हणतो, राहू दे इथंच, परत लागेल. दुसरं मोठं काम आलं आणि जागा कमी पडली तरच ते बाजूला सारतो. या राखून ठेवलेल्या सामानाला कॅश म्हणतात. पैशाच्या कॅशशी याचा संबंध नाही, इंग्रजीत स्पेलिंग वेगळं आहे, उच्चार सारखा. परत एक्सेल उघडलं की माळ्यावर चढायची गरज पडत नाही, ते खालीच आहे. उरलेले ८ सेकंद लागतात ते एक्सेलला स्वतःची मांडामांड करायला.

मग मशीन बंद करून चालू केलं की हे सामान कुठं जातं? रॅम विजेवरच धरून राहते. तिच्या आत विजेचे अगदी बारीक थेंब साठवलेले असतात असं समजा, आणि ते गळत असतात. गळून जाऊ नयेत म्हणून दर सेकंदाला अनेक वेळा ते पुन्हा भरावे लागतात. वीज गेली की भरणं थांबलं आणि ओटा धुऊन पुसून रिकामा. म्हणून मशीन बंद केलं, रीस्टार्ट केलं किंवा लाईट गेली, की पुढच्या वेळी एक्सेल "पहिल्यांदा" उघडतं. ज्या गावात दिवसातून तीनदा लाईट जाते तिथं दिवसातून तीनदा पहिली सकाळ होते. आपल्याकडचे कॉम्प्युटर शहरातल्यापेक्षा हळू आहेत असं वाटायचं एक साधं कारण हेही आहे.

आता राहिला ११० आणि ३५ मधला फरक. एकदा कारण पहिल्यांदाच उघडतोय हे असेल तर पाच मिनिटं थांबल्यावर वेळ कमी कसा झाला?

गावात नळ सुटतो ती वेळ आठवा. पाणी तेवढंच, नळ एकच, पण पहिल्या दहा मिनिटांत सगळ्या आळीच्या घागरी तिथं. कॉम्प्युटर चालू झाल्यावर पडदा दिसतो तेव्हा आपल्याला वाटतं की झालं, तयार आहे. तो तयार नसतो. पडद्यामागे अँटीव्हायरस उठलेला असतो, विंडोज अपडेट शोधत असतं, प्रिंटरचा प्रोग्राम उठतो, शिवाय कोणी कधीतरी टाकून दिलेले चार-पाच प्रोग्राम, ज्यांनी आपणहून "सकाळी मलाही उठवा" असं लिहून ठेवलेलं असतं. या सगळ्यांना त्याच एका तबकडीवरून सामान हवं असतं, त्याच एका दांड्याकडून. दांडा एकाचा तुकडा द्यायला इकडे पळतो, लगेच दुसऱ्याचा द्यायला तिकडे. नळावर निदान रांग असते. इथं प्रत्येकीच्या घागरीत एकेक तांब्या टाकत फिरायचं. जवळजवळचे तुकडे एका दमात वाचता आले असते, तेही या धावपळीत होत नाही. त्यात अँटीव्हायरस मध्ये उभा राहून नव्याने उघडणारी फाईल तपासतो. ते त्याचं कामच आहे, त्याला बंद करू नका.

अशा गर्दीत आपण एक्सेलवर क्लिक केलं तर आपली घागर रांगेत लागते. उघडत नाही म्हणून परत क्लिक केलं तर दुसरी घागर लागते. पाच वेळा क्लिक म्हणजे पाच घागरी, आपल्याच. त्या दिवशी बैठकीत एकदम तीन-चार एक्सेल उघडली होती ती त्यामुळे. म्हणून एकदा नीट डबल-क्लिक करायचं आणि हात काढून घ्यायचा. हे सांगणं सोपं आहे, पस्तीस बायका बघत असताना करणं अवघड आहे, हे मला मान्य आहे. तेव्हा बघणाऱ्यांनीही जरा धीर धरला तर बरं.

ही अडचण कंपन्यांना माहीत नाही असं नाही. विंडोज एक्सपी २००१ साली आलं तेव्हापासून विंडोज एक टिपण ठेवतं की अमुक प्रोग्राम उघडताना सुरुवातीला कुठले तुकडे लागले. पुढच्या वेळी ते तुकडे एकगठ्ठा, नीट क्रमाने उचलायचा प्रयत्न होतो. आपण नाही का, माळ्यावर चढायच्या आधी यादी करतो आणि एकाच खेपेत सगळं आणतो. पुढं विंडोज व्हिस्टामध्ये त्याच्याही पुढची युक्ती आली. तुम्ही रोज काय वापरता ते बघून, तुम्ही मागायच्या आधीच ते निवांत वेळी रॅममध्ये आणून ठेवायचं. पाच मिनिटं थांबल्यावर आपल्याला फायदा होतो त्यात हाही वाटा असू शकतो. विंडोज ८ पासून शट डाऊन करताना विंडोज स्वतःचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवतं, म्हणजे सकाळी तो नव्यानं मांडावा लागत नाही. त्याने पडदा लवकर येतो. पण एक्सेलसारखे आपले प्रोग्राम त्यात नसतात, ते परत माळ्यावरूनच. आणि लाईट अचानक गेली तर गाभाही लिहायला वेळ मिळत नाही, सगळं मुळापासून.

म्हणून बटण दाबून धरून मशीन बंद करायची सवय सोडा. हँग झालंय असं वाटलं की आपण तेच करतो. त्या क्षणी डिस्कवर काही लिहिणं चालू असेल तर फाईल अर्धवट राहून खराब होऊ शकते, आणि वर सगळी सकाळ परत सुरू. पुढच्या बाजूला लाल किंवा पांढरा बारीक दिवा लुकलुकत असतो, तो डिस्कचा असतो. तो लुकलुकतोय म्हणजे मशीन काम करतंय, मेलेलं नाही.

आता पैशाकडे येते, कारण ठराव अजून उभाच आहे.

दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्याने मशीन चालू केलं, लगेच क्लिक केलं, हळू दिसलं, म्हणाला संपलं. त्याने दुसऱ्यांदा उघडून बघितलं नाही. आपल्याला तेवढं बघता येतं. एकच प्रोग्राम एकापाठोपाठ दोनदा उघडायचा. पहिल्यांदा हळू आणि दुसऱ्यांदा जलद, तर मशीनचं डोकं ठीक आहे, माळा लांब आहे. दोन्ही वेळा सारखंच हळू, तर मात्र दुसरं काहीतरी आहे. रॅम कमी पडत असेल, म्हणजे ओटा इतका लहान की आणलेलं सामान ठेवायलाच जागा नाही. किंवा डिस्क खराब व्हायला लागली असेल. तेव्हा माणूस बोलवा, आणि त्याच्याही आधी सगळ्या हिशेबाची नक्कल पेनड्राईव्हवर काढून घ्या. डिस्कमधून नेहमीपेक्षा जोरात किंवा वेगळा टकटक आवाज येऊ लागला असेल तर ही नक्कल आजच काढा, उद्यावर टाकू नका.

आणखी एक बघायची जागा आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतं. त्यात वर डिस्क असं लिहिलेलं असतं आणि खाली टक्के. सकाळी पहिली काही मिनिटं तिथं आपल्याकडे १०० टक्के दिसत होते, आणि सीपीयूच्या खाली जेमतेम पंधरा-वीस. म्हणजे मेंदू रिकामा बसलाय आणि तबकडी दमलीय. ऑपरेटर ताईंनीच हे मला दाखवलं, मी नाही त्यांना. त्याच खिडकीत स्टार्टअप नावाचा भाग आहे, तिथं सकाळी आपोआप उठणाऱ्या प्रोग्रामांची यादी असते. आपल्याकडे अकरा निघाले. गाण्यांचा एक, व्हिडिओ कॉलचे दोन, आणि एका जुन्या प्रिंटरचा, जो प्रिंटर आता ऑफिसात नाही. ते आपण यादीतून बंद केले. प्रोग्राम काढून टाकले नाहीत, फक्त त्यांना सकाळी उठायला मनाई केली. अँटीव्हायरस आणि ज्याचं नाव कळलं नाही ते तसंच ठेवलं. याला एक रुपया लागला नाही.

रॅम साफ करून देतो, मशीन पळवतो असं म्हणणारे प्रोग्राम फुकट मिळतात, ते मात्र टाकू नका. रॅम रिकामी दिसावी म्हणून ते राखून ठेवलेलं सामान काढून टाकतात, आणि पुढच्या क्लिकला परत माळा. भरलेला ओटा दिसला की आवरायची आपल्याला सवय असते, पण इथं भरलेली रॅम हे चांगलं लक्षण आहे.

खर्च करायचाच असेल तर तबकडी बदलायचा करावा, असं मला वाटतं. आता एसएसडी नावाची डिस्क मिळते. तिच्यात फिरणारं काहीच नाही, सगळं चिपवर, आणि लाईट गेली तरी माहिती राहते. फिरत्या तबकडीला एक तुकडा आणायला सेकंदाच्या हजारातले १२ भाग लागतात, एसएसडीला एका भागाचा साधारण दहावा हिस्सा पुरतो. माळा काढून भिंतीला फडताळ केल्यासारखं. ओट्याइतकं जवळ नाही, पण शिडी लागत नाही. जुन्या मशीनला ती बहुतेक वेळा बसते, आणि नव्या कॉम्प्युटरच्या मानाने तिचा खर्च अगदी थोडा असतो. जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर जसंच्या तसं उतरवूनही घेता येतं, पण ते उतरवायच्या आधी नक्कल काढायची हे परत सांगते.

रॅम वाढवा असाही सल्ला मिळेल. तिचा उपयोग आहे, पण आपल्या दुखण्यावर तो इलाज नाही. ओटा कितीही मोठा केला तरी सकाळी तो रिकामाच असतो आणि पहिली खेप माळ्यावरूनच करावी लागते.

जुलैच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. सांगण्याआधी ऑपरेटर ताईंची माफी मागितली, जिथं बोलले होते तिथंच, सगळ्यांसमोर. मग त्यांनी घड्याळ अध्यक्ष ताईंच्या हातात दिलं आणि एक्सेल दोनदा उघडून दाखवलं. मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं मग आमच्या चुलीसारखंच की, पहिली भाकरी कधी धड होती का?" चूल तापायला लागते आणि कॉम्प्युटर तापवायला लागत नाही, एवढा फरक मी त्यांना सांगितला, पण हसण्यात तो कोणी ऐकला नाही.

ठराव बदलला. नवीन कॉम्प्युटर तूर्त नाही. एसएसडीसाठी तीन वेगवेगळ्या दुकानांतून लेखी दर मागवायचे, त्यात बसवण्याची मजुरी, सामान उतरवून देण्याचा खर्च आणि वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्यायची. बैठकीच्या दिवशी लाईट असो नसो, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर अर्धा तास आधी चालू करून ठेवायचा, आणि एक्सेल व मागच्या महिन्याची फाईल एकदा उघडून बंद करून ठेवायची, म्हणजे बायका येईपर्यंत सामान ओट्यावर आलेलं असेल.

ज्या ग्रामसंघांकडे स्वतःचा कॉम्प्युटर आहे त्यांनी सप्टेंबरच्या बैठकीला येताना चार आकडे कागदावर लिहून आणा: चालू केल्या केल्या एक्सेल उघडायला लागलेला वेळ, लगेच दुसऱ्यांदा उघडायला लागलेला वेळ, पाच मिनिटं थांबून पहिल्यांदा उघडायला लागलेला वेळ, आणि स्टार्टअपच्या यादीत किती प्रोग्राम निघाले. दोघी-दोघींनी मोजा, एकीने क्लिक करायचं, दुसरीने घड्याळ धरायचं. काही अडलं तर मला विचारा, किंवा ऑपरेटर ताईंना विचारा. त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं.